पोहणारा तलाव

आमच्या जिल्ह्यात पाण्यावर विनोद करू नये, असा एक अलिखित संकेत आहे. कारण ऐकणारा कुठल्या तालुक्यातला आहे, हे आधी ठाऊक नसतं. पारनेरच्या किंवा जामखेडच्या माणसासमोर तुम्ही नुसतं "काय हो पाणी!" म्हणालात, तर तो टँकर आला की काय म्हणून दाराबाहेर बघतो. श्रीरामपूर-राहात्याच्या माणसासमोर हेच वाक्य उच्चारलंत, तर तो आपल्या घराच्या भिंतीकडे बघतो. ओल आणखी वर चढली की काय म्हणून. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. कालपरवापर्यंत अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. पण नाव कुठलंही घ्या, एका टोकाला माणसं पाण्यासाठी तीनशे फूट खाली जातात आणि दुसऱ्या टोकाला पाणी माणसांच्या ओढीनं तीन फुटांपर्यंत वर येतं.

माझी सासुरवाडी पारनेर तालुक्यातली आणि नोकरी श्रीरामपूर तालुक्यात. म्हणजे ताळेबंदाच्या दोन्ही बाजू मी जवळून पाहिलेल्या. लग्नानंतर सासरेबुवा पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी अंगणात जास्वंदीसाठी खड्डा खणत होतो. दोन-अडीच फुटांवर खड्ड्यात पाणी जमायला लागलं. सासरेबुवांनी आयुष्यात तीन बोअर मारलेले; तिन्हींतून फक्त धूळ निघालेली. ते खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसले आणि बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. मग मान वर करून हळूच म्हणाले, "जावईबापू, हे कुणाच्या नावावर आहे?"

प्रश्न अगदी रास्त होता. हे पाणी वास्तविक सह्याद्रीचं. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला प्रवरा नदीवर इंग्रजांनी सुमारे २७० फूट उंचीचं दगडी धरण बांधलं. ते १९२६ साली पुरं झालं. तिथून सुटलेलं पाणी संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यावर येतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांतून आमच्याकडे वळतं. पाणी आलं म्हणून ऊस आला. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मग काय, ऊसच ऊस! आता ऊस हे पीक आमच्या ब्रँचमधल्या काही खातेदारांसारखं आहे. कितीही द्या, पुरत नाही. शेतकरी देत राहिला. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याच्या खाली काळा पाषाण. पाणी मातीतून मुरमात उतरतं, पाषाणावर आपटतं आणि जायला वाट नाही म्हणून तिथेच मुक्काम करतं. पाहुणे वाढत गेले की घर भरतं तशी जमीन भरत जाते. मग ती उपळते. उपळलेल्या जमिनीत पाऊल ठेवलं की चपला आत आणि माणूस बाहेर! दक्खनच्या कालव्यांखाली चर खोदून हे पाणी बाहेर काढण्याची कामं इंग्रज अमदानीपासून चालू आहेत. चर गाळानं भरतात, पुन्हा खोदतात, पुन्हा भरतात. पुनरावृत्ती हा सरकारी कामाचा आत्माच आहे.

अशा या गावात, अशा या जमिनीत, आमच्या वाडवडिलांच्या पिढीतल्या काही उत्साही मंडळींनी वर्गणी काढून एक पोहण्याचा तलाव बांधला. बोर्डावर 'जलतरण तलाव', बोलण्यात 'टँक'. लांबी २० मीटर, रुंदी १० मीटर. उथळ बाजूला साडेतीन फूट, खोल बाजूला सात फूट. मी या टँकच्या मंडळाचा खजिनदार आहे. मला पोहता येत नाही. पण मी बी.कॉम. आहे आणि बँकेत आहे, आणि गावातल्या कुठल्याही मंडळाच्या दृष्टीनं एवढी पात्रता खजिनदाराला पुरते. भजनी मंडळाचाही खजिनदार मीच आहे. तिथेही मला गाता येत नाही.

तर या टँकच्या प्लास्टरला फुगे यायला लागले. आधी एक-दोन, पुरीसारखे. मग पुऱ्यांच्या पंगतीच उठायला लागल्या. फरशीवर काठी ठोकली की डबडब आवाज यायचा. भिंतीला पांढरा लोणा धरला. पोरांच्या पायाला खपल्या लागून रक्त यायला लागलं, तेव्हा मंडळानं ठरवलं की टँक रिकामा करून नवं प्लास्टर करावं. तीन कोटेशनं मागवली. त्यांतलं सगळ्यात स्वस्त मंजूर झालं. सार्वजनिक मंडळाच्या सभेत सगळ्यात स्वस्त कोटेशन नामंजूर करणं आणि अध्यक्षांच्या व्याह्यांना चहा न विचारणं, या दोन गोष्टी अजून तरी कुणाला जमलेल्या नाहीत.

कंत्राटदार तालुक्याबाहेरचा होता. २०२२ सालचा ऑक्टोबर महिना. त्या वर्षी पाऊस असा पडला होता, की आमच्याकडच्या विहिरींत बादली सोडायला दोर लागत नव्हता. वाकलं की भरत होती. अशा मुहूर्तावर त्यानं पंप लावून टँक रिकामा केला, जुनं प्लास्टर खरवडलं आणि तीन दिवसांत नवंकोरं गुळगुळीत प्लास्टर करून टाकलं. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही बघायला गेलो, तर फरशीवर बोटाबोटाएवढी कारंजी उडत होती! अध्यक्ष खूष झाले. त्यांना वाटलं, ही काही नवीन सोय आहे.

कंत्राटदाराचा माणूस हातात सिमेंटचा गोळा घेऊन एकेक कारंजं दाबत हिंडत होता. इथं दाबलं की तिथं उडायचं. संध्याकाळपर्यंत त्याची अवस्था दहावीच्या वर्गावर पहिल्यांदाच गेलेल्या मास्तरासारखी झाली. पुढच्या चार दिवसांत प्लास्टर पापडासारखं पदरापदरानं सुटलं. आणि आठव्या रात्री दिवाळीचा बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. बॅटरी घेऊन जाऊन पाहिलं, तर खोल बाजूची फरशी मधोमध चार बोटं वर आलेली आणि तिला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भेग. "जमिनीचा दोष आहे," असं सांगून कंत्राटदार गेला. जाताना ॲडव्हान्स घेऊन गेला. त्यात मात्र त्याला काही दोष दिसला नाही.

पुढे एक मौज झाली. त्या भेगेतून टँक आपोआप भरायला लागला. ना नळपट्टी, ना मोटार. आठवड्याभरात काठापासून तीन फुटांपर्यंत पाणी चढलं आणि थांबलं. शेजारच्या विहिरीतही बरोबर तेवढंच. मग त्यात शेवाळ आलं, बेडूक आले आणि बेडूक आले म्हणून साप आले. मंडळाच्या आजीव सभासदांत एवढी भर एकदम कधीच पडली नव्हती.

डिसेंबरात सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेवर विषय क्रमांक ४ : 'टँकच्या जागेचा विचार.' सार्वजनिक जीवनात ज्याचा विचार चालू होतो, त्याचं आयुष्य संपलेलं असतं. टँक रस्त्याला लागून. माती टाकून बुजवला, तर चौदा गाळे निघतात, हा हिशोब एका सभासदानं रंगीत नकाशासकट आणला होता. मला भाड्याचा आकडा काढायला सांगितलं. मी काढला. आकडा देखणा होता, हे मला प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे. बँकेतल्या माणसाला काही आकडे बघूनच पोटभर जेवल्यासारखं वाटतं, त्यांतला तो होता. टँकचं खातं मात्र बुडीत. सभेचा कल स्पष्ट दिसत होता आणि चहाची किटली दाराशी आली होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आमचे वस्ताद उठले.

वस्ताद म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त पाटकरी. सारी हयात त्यांनी पाटावर काढली. पाट म्हणजे कालवा. आमच्याकडे कालवा हा शब्द फक्त सरकारी कागदावर राहतो. निवृत्तीनंतर टँकवर ते पोरांना पोहायला शिकवत. गेल्या काही वर्षांपासून सकाळी नऊ ते दहा मुलींची आणि बायकांची बॅच असे. त्या वेळी वस्तादांनी शिकवून तयार केलेली एक मास्तरीण शिकवी आणि वस्ताद रस्त्याकडे तोंड करून फाटकाशी बसत. सभेत बोलण्याची त्यांना सवय नव्हती. ते बोलले ते एवढंच :

"गाळं बांधा. माझं काय म्हनणं न्हाई. पर पोरं पव्हायला जानारच. हितं न्हाई तर पाटात जातील, न्हाई तर शेततळ्यात. पाटाला धरायला कड न्हाई. शेततळ्याला तर कागद असतोय, पाय ठरत न्हाई. पट्टीचा पवनारा सुदिक वर येत न्हाई. नोकरीत मी पाटातनं नऊ जनं काढलीत. त्यातली दोन बोलत हुती."

आणि ते खाली बसले. किटली दाराशीच थांबली. मी त्या वेळी भाड्याच्या कागदाकडे बघत होतो. आकडा तोच होता, पण मघासारखा देखणा दिसेना. माझी धाकटी मुलगी त्या वर्षी अकरा वर्षांची होती आणि नुकतीच हात मारायला शिकली होती. सभेतल्या बहुतेकांची काही ना काही अशीच अडचण असावी. कारण 'आणखी एक प्रयत्न करून पाहावा' हा ठराव एकमतानं मंजूर झाला, आणि रंगीत नकाशावर कुणीतरी चहाचा कप ठेवला.

प्रयत्न करायचा म्हणजे आधी जाणकार शोधायचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता गावात होते. त्यांनी आयुष्यभर पाणी इकडून तिकडे नेलं होतं आणि आता ते फक्त मॉर्निंग वॉकला जात. आम्ही त्यांना बेडकांनी भरलेला टँक दाखवला. त्यांनी बघितलं, शेजारच्या विहिरीत डोकावलं आणि विचारलं, "ऑक्टोबरात रिकामा केला होता?"

"हो."

"म्हणजे तुम्ही जमिनीत होडी ठेवलीत. मग ती तरंगली, यात तिचं काय चुकलं?"

आमच्या चेहऱ्यांवर काही उमटलं नाही, असं पाहून त्यांनी कागद मागितला. त्यावर त्यांनी जे मांडलं, ते बघून आयुष्यात पहिल्यांदाच मला पदार्थविज्ञान समजलं. कारण ती सरळ सरळ जमा-नावेची कीर्द होती. वाचकांपैकी ज्यांनी कॉमर्स घेतलं, त्यांच्यासाठी ती इथे उतरवतो.

टँकची खोल बाजू सात फूट. खाली आठ इंच जाडीची काँक्रीटची फरशी. जमिनीतलं पाणी तीन फुटांवर. म्हणजे फरशीच्या बुडाशी सुमारे साडेचार फूट उंचीच्या पाण्याचा दाब वरच्या दिशेनं. एका चौरस मीटरवर हा दाब होतो साधारण १४०० किलो. ही झाली देणी. आता येणी बघा. त्याच एका चौरस मीटर फरशीचं स्वतःचं वजन पाचशे किलोच्या आतबाहेर. टँक भरलेला असला, तर तिच्या डोक्यावर सात फूट पाणी. त्याचं वजन २१०० किलोच्या वर. एकूण २६०० किलो खाली दाबतात, १४०० वर ढकलतात. खातं भक्कम शिलकीत. फरशी सुखानं झोपते. पण तुम्ही टँक रिकामा केलात की २१०० किलोची ठेव एका दिवसात काढून घेतली. उरले पाचशे. समोर देणी १४००. आता बँक बुडेल नाही तर काय होईल?

आर्किमिडीज हौदात उतरला आणि पाणी बाहेर सांडलं, एवढंच आम्ही शाळेत शिकलो होतो. इथे उलटं झालं होतं. आम्ही पाणी बाहेर काढलं आणि हौदच बाहेर यायला निघाला होता!

"आणि ती कारंजी?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांच्या मनातून ती अजून गेली नव्हती.

"तेच पाणी. काँक्रीट म्हणजे काय लोखंड नव्हे. बारीक छिद्रांतून पाणी येणारच. आतल्या पाण्याचा दाब प्लास्टरला भिंतीवर चिकटवून ठेवतो. मागून येणारा दाब त्याला सोलून काढतो. ओलं प्लास्टर तर बिचारं तान्हं पोर. धरायच्या आतच त्याला ढकललं तुम्ही."

मग मला आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या लोकांचं शहाणपण आठवलं. नगरच्या फराहबागेत निजामशाहीत तळ्याच्या मधोमध महाल बांधला. चारी बाजूंनी पाणी, पण महालाचं वजन असं, की त्याला पोहायचा मोह होण्याचं कारण नव्हतं. आणि ज्यांच्या नावानं आता जिल्हा ओळखला जातो, त्या अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. १७२५ सालचा त्यांचा जन्म. त्यांनी देशभर घाट बांधले, विहिरी आणि बारवा बांधल्या. बारवेचा धर्मच मुळी असा, की दगडांच्या सांध्यांतून पाणी खुशाल आत यावं. तिथे पाण्याशी भांडण नाही. टँकचं तसं नसतं. त्याला आतलं पाणी आत हवं आणि बाहेरचं बाहेर. अशी कडक शिस्त पाळायला शेजारी समजूतदार असावा लागतो. आमचा शेजारी प्रवरेचा डावा कालवा.

"मग उपाय?" मी विचारलं.

"उपाय साधा आहे. आधी पाण्याचं पासबुक तयार करा," साहेब म्हणाले. आमच्या बँकेत पेन्शन घ्यायला येत असल्यानं त्यांना माझी भाषा येत होती.

पासबुक म्हणजे असं : वस्ताद रोज सकाळी दोरीला दगड बांधून टँकशेजारच्या दोन विहिरींत सोडत आणि पाणी किती फुटांवर आहे ते मला येऊन सांगत. मी ते वहीत लिहीत असे. जानेवारीत साडेतीन फूट. फेब्रुवारीत पाटाला आवर्तन सुटलं की पुन्हा तीन. आवर्तन बंद झालं की दहा-बारा दिवसांनी हळूहळू खाली. मे महिन्याच्या मध्यावर साडेसहा. चार महिन्यांत मला असा छंद लागला, की सौ. म्हणायला लागली, "अहो, माझा ताप एकदा तरी असा वहीत लिहिला होतात का?" पण वही बघून एक गोष्ट मला कळली. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात गावकरी दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पाऊस कमी असला तर त्या बेतानं पिकं घेतात, हे मी ऐकून होतो. मला वाटायचं, हिशोब गरिबानं ठेवायचा असतो. आता कळलं की श्रीमंतानं जास्त ठेवायला हवा. तुटीनं माणूस वाकतो. नको तिथल्या शिलकीनं त्याची फरशी उखडते.

२०२३ च्या मे महिन्यात काम काढलं. मिस्त्री गावचाच, बोलायला तिखट, हाताला गोड. पहिल्या दिवशी तो टँकला हातही लावेना. खोल बाजूच्या कोपऱ्याबाहेर त्यानं बारा फुटांचा खड्डा घेतला, त्यात सिमेंटच्या रिंगा सोडल्या आणि पंप बसवला. "साहेब, आधी बाहेरचं पाणी उपसायचं, मंग आतलं. पावन्याला वाटंला लावल्याबिगर घर झाडायचं नसतंय," तो म्हणाला. खड्ड्यात एक बांबू उभा केला. नऊ फुटांवर तांबडी खूण. पाणी त्या खुणेच्या वर येता कामा नये, मग दिवस असो की रात्र.

पंप सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी शेजारचे शेतकरी तक्रार घेऊन आले. त्यांच्या विहिरीचं पाणी फूटभर खाली गेलं होतं. हयातभर ज्यांनी जास्त पाण्याच्या नावानं बोटं मोडली, त्यांना ते फूटभर पाणी गेल्याचं भारी दुःख झालं. अखेर उपसलेलं पाणी त्यांच्या गवताला सोडायचं, या बोलीवर तह झाला. पाणी मचूळ होतं, पण गवतानं काही तक्रार केली नाही.

मग आतलं काम. उखडलेली फरशी तोडून नव्यानं जाळी आणि काँक्रीट. फरशीत चार ठिकाणी आरपार पाईप उभे ठेवले. पाणी वर आलंच, तर त्यानं पाईपातून यावं, फरशी फोडून येऊ नये म्हणून. भिंतींना टाचे मारले. टाच्यांशिवाय प्लास्टर धरत नाही; गुळगुळीत माणसाशी मैत्री टिकत नाही, तसं. वर सिमेंटचा पातळ हात, मग वॉटरप्रूफिंग पावडर घातलेलं प्लास्टर, दोन थरांत. मिस्त्री काठी ठोकून ठोकून आवाज ऐकत होता. डबडब नाही, टणटण. मी खर्च लिहून ठेवत होतो आणि आकाशाकडे बघत होतो. कारण जूनची सात तारीख जवळ आली होती आणि मृग काही ठराव मंजूर होईपर्यंत थांबत नाही.

प्लास्टर पुरं झाल्याच्या दुसऱ्या रात्री दोन वाजता लाईट गेली.

पंपावर त्या रात्री वस्ताद आणि मी होतो. आमच्याकडे लाईट जाणं ही बातमी नसते. पण पंप बंद पडल्यावर जी शांतता झाली, तशी शांतता मी फक्त कॅश टॅली होत नाही तेव्हा ऐकली आहे. बॅटरीच्या उजेडात तांबडी खूण बघता बघता बुडाली. साडेआठ फूट. आठ फूट. मी साहेबांना फोन लावला. ते दुसऱ्या रिंगला उठले. पाटबंधारे खात्यातली सवय.

"पाईप काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

मी टँकमध्ये उतरून कान दिला. थोड्या वेळानं पाईप गुडगुडायला लागले आणि मग एकेकातून पाणी पाझरलं.

"रडतायत," मी म्हणालो.

"रडू द्या. पाईप रडतात तोवर फरशीची काळजी नाही. तेवढंच प्लास्टरला पाणी मारलं जाईल. पण फार वेळ नको. इंजिन बघा कुठं मिळतं का."

वस्ताद अंधारातच निघाले. मी टँकच्या तळाशी एकटा. पायाखाली ओलसर फरशी, तिच्याखाली भंडारदऱ्यापर्यंतचं पाणी आणि वर चांदण्या. पोहता न येणाऱ्या माणसाला कोरड्या टँकमध्येही बुडाल्यासारखं वाटू शकतं, हे त्या रात्री समजलं. फरशीखाली कुठं कट् आवाज होतो का, ते मी ऐकत होतो. बेडूक ओरडले तरी मला तो आवाज वाटत होता. चार वाजून गेले आणि रस्त्यावर ट्रॅक्टरचे दिवे दिसले. शेजारचे तेच शेतकरी, गवताच्या तहातले. ट्रॉलीत डिझेल इंजिन. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्यांनी हँडल मारता मारता तोडून टाकलं : "आभार कशाला साहेब, नात माझी नऊच्या बॅचला येती."

इंजिननं धूर सोडला, खड्ड्यात घरघर झाली आणि उजाडता उजाडता तांबडी खूण पुन्हा वर निघाली. कर्जदाराचं तोंड वसुलीत दिसावं तसा आनंद झाला मला.

त्यानंतर आठ दिवस रोज प्लास्टरला पाणी मारलं. चार पाईपांपैकी दोन झटपट धरणाऱ्या सिमेंटनं बंद केले. उरलेल्या दोहोंवर साहेबांनी उलटी झडप बसवली. ती एकाच बाजूनं उघडते. खालचा दाब वरच्यापेक्षा वाढला, तर बाहेरचं पाणी आत येईल. आतलं बाहेर जाणार नाही. आमच्या भाषेत सांगायचं, तर फक्त जमा घेणारी खिडकी. मग टँक भरायला घेतला. तो भरेपर्यंत बाहेरचा पंप बंद करायचा नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद. भरता भरता दीड दिवस गेला. ३ लाख २० हजार लिटर पाणी, म्हणजे ३२० टन ठेव जमा झाली, आणि त्याच संध्याकाळी वळवाचा असा पाऊस आला, की मिस्त्रीनं थापी धुवायचीसुद्धा ठेवली नाही, पावसातच धरली.

फरशी हलली नाही. अजूनही हललेली नाही.

आता टँकला एक नवा नियम आहे. पाणी सोडून देण्याच्या व्हॉल्व्हवर लोखंडी पेटी आणि तिला दोन कुलुपं. एक किल्ली वस्तादांकडे, एक माझ्याकडे; बँकेच्या तिजोरीला असतात तशी. विहिरीतलं पाणी किती फुटांवर आहे, हे वहीत बघितल्याशिवाय पेटी उघडत नाही. मध्यंतरी नव्या अध्यक्षांना सव्वीस जानेवारीनिमित्त टँक स्वच्छ रिकामा करून त्यात रांगोळी काढण्याची इच्छा झाली होती. वही दाखवली. त्या वेळी आवर्तन चालू होतं. रांगोळी फाटकाशी काढली.

गाळे निघाले असते तर आज मंडळाच्या खात्यात किती शिल्लक असती, तो आकडा अजून माझ्याजवळ लिहिलेला आहे. वार्षिक ताळेबंद मांडताना कधीकधी तो कागद हाताला लागतो. टँक आजही तोट्यातच चालतो आणि दर वर्षी मी तो तोटा अगदी सुवाच्य अक्षरात लिहितो.

नऊच्या बॅचला आता अठ्ठावीस मुली आहेत. वस्ताद फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून बसतात. मुली आत जाताना ते मोजतात आणि दहा वाजता बाहेर पडताना पुन्हा मोजतात, मोठ्यानं, एकेक बोट मिटवत. बँकेत आम्हीही रोज संध्याकाळी हेच करतो. पण आमचं काम सोपं. आमचा आकडा नाही जुळला, तर फरक सस्पेन्स खात्यात टाकून आम्ही घरी जेवायला जातो. वस्तादांच्या वहीत ते खातंच नाही.